एफआरपी हक्काची, मग हजेरी मेहेरबानीची का?

दिवाळी जवळ आली की जयसिंगपूरला ऊस परिषद भरते आणि शिरोळ तालुक्यातल्या प्रत्येक टपरीवर अर्थशास्त्र सुरू होते. पहिली उचल किती, मागच्या हंगामाचे किती राहिले, कारखान्याने उतारा किती दाखवला, तोडणी-वाहतुकीचे किती कापले, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. एक गुंठाही जमीन नसलेले आपल्या मोहल्ल्यातले तरुण या चर्चेत हिरिरीने बोलतात. बोलावेच. तालुक्याचा सगळा बाजार उसावर चालतो.

कारखानदारांचे उत्तर दरवर्षी एकच असते: परवडत नाही. साखरेला भाव नाही, बँकेचे कर्ज डोक्यावर आहे, गोदामात माल पडून आहे. शिरोळचा शेतकरी हे शांतपणे ऐकून घेतो आणि रस्त्यावर जाऊन बसतो. नोव्हेंबर 2023 मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेने शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवला, तेव्हाही ‘परवडत नाही’ हेच सांगितले जात होते. शेवटी मागच्या हंगामात टनाला 3,000 पेक्षा कमी दर दिलेल्या कारखान्यांनी 100 रुपये आणि त्याहून जास्त दिलेल्यांनी 50 रुपये जादा द्यायचे ठरले.

या हट्टामागे कायदा आहे, हे विसरू नये. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये हा रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, केंद्राने ठरवला. कारखाना तोट्यात आहे म्हणून तो कमी होत नाही. राज्य सरकारने 2022 मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली होती. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. सरकारने ठरवलेला, उत्पादन खर्चावरून काढलेला किमान दर हा हक्क असतो आणि देणाऱ्याच्या अडचणी त्याला लागू होत नाहीत, हे शिरोळने महाराष्ट्राला शिकवले.

आता त्याच उसाच्या सरीत भांगलायला आलेल्या बाईकडे बघू. सकाळी टेम्पोत दाटीवाटीने बसून ती येते, दुपारी बांधावर भाकरी खाते, दिवस कलल्यावर परत जाते. तिची हजेरी किती असावी, यासाठीही सरकारने एक दर ठरवलेला असतो. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत शेतीकाम पहिल्यापासून होते. तो दर गावात किती जणांना माहीत आहे? ‘चालू भाव’ तेवढा माहीत असतो. पुरुषाचा चालू भाव वेगळा, बाईचा वेगळा. तिने दहा-वीस रुपये वाढवून मागितले की तेच वाक्य ऐकू येते, परवडत नाही. फरक एवढाच की या वेळी आजूबाजूचे सगळे मान डोलावतात. तिच्या हजेरीसाठी महामार्ग अडल्याचे आम्हाला तरी आठवत नाही.

आमचे भांडण शेतकऱ्याशी नाही. दीड-दोन एकरवाल्याला खरेच परवडत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्याची सरी पाण्याखाली कुजली, त्याला किमान वेतनावर प्रवचन देण्याचा अधिकार कोणालाच नाही. भांडण आहे ते या लहान माणसाला पुढे उभे करून केल्या जाणाऱ्या भाषणांशी. किमान वेतन वाढवण्याचा विषय निघाला की पुढारी दोन एकरवाल्याचे नाव घेतो, त्याच्या डोळ्यांतले पाणी दाखवतो. त्या आडोशाने साखर कारखान्याचा कंत्राटदार, गोदामवाला, बांधकामवाला आणि औद्योगिक वसाहतीतला ठेकेदार मजुरीच्या प्रश्नातून सहीसलामत सुटतात. वास्तविक दोन एकरवाल्याचा आणि भांगलणाऱ्या बाईचा हिशेब एकाच कागदावरचा आहे. उसाचा उत्पादन खर्च काढताना कृषिमूल्य आयोग बाहेरच्या मजुराला दिलेली मजुरीही धरतो. मजुरी वाढली तर ती खर्चात दिसली पाहिजे आणि खर्च वाढला तर दर वाढला पाहिजे. दराची मागणी करताना मजुरीचा आकडा सोबत घेऊन जाणारा नेता दोघांचाही असेल. मजुराची हजेरी दाबून दर परवडवून दाखवणारा नेता शेवटी कारखानदाराचेच काम सोपे करतो.

हाच खेळ शेजारी इचलकरंजीत अधिक उघडपणे बघायला मिळतो. आपल्या तालुक्यातून रोज कितीतरी पोरे पाळीला तिकडे जातात, त्यामुळे हे कुणाला नवे नाही. तिथल्या कामगाराची मजुरी मीटरवर आणि पिकावर ठरते आणि वाढ पैशांत मोजली जाते. 52 पिकाच्या कापडाला मीटरमागे किती पैसे वाढले, यावर जानेवारी गाजतो. 2013 च्या सुरुवातीला याच प्रश्नावर महिनाभराहून अधिक काळ माग बंद राहिले. यंत्रमागाच्या किमान वेतनाची फेररचना 1986 नंतर थेट 2015 मध्ये झाली. कायदा सांगत होता दर पाच वर्षांनी आढावा घ्या. मधल्या जवळपास तीन दशकांत सगळ्या पक्षांची सरकारे येऊन गेली आणि प्रत्येकाने कामगार दिनाला कामगारांना शुभेच्छा दिल्या.

2015 मध्ये नवा दर आला तेव्हा मालकवर्गातून ऐकू आलेली भाषा नीट आठवून बघा. इचलकरंजीचे माग भंगारात जातील, धंदा परराज्यात जाईल, कामगार आणि मालक हे एकच कुटुंब आहे, बाहेरचे लोक त्यात फूट पाडतात. यातला खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचा भाग खरा आहे. त्याच्याकडे आठ-दहा माग, सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, याच्या वाट्याला पिकामागे ठरलेली मजुरी. ती व्यापारी ठरवतो. खर्चीवाला कामगाराला ‘परवडत नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, पण ज्याच्यामुळे परवडत नाही तो व्यापारी वाटाघाटीच्या टेबलावर बहुतेक वेळा नसतोच. उसात कारखाना जिथे बसतो, कापडात तिथे व्यापारी बसतो. शिरोळच्या शेतकऱ्याने कारखान्याला थेट टेबलावर आणले. खर्चीवाल्याला आणि त्याच्या कामगाराला मात्र एकमेकांसमोर उभे करून ठेवले आहे.

आता थोडे आपल्या घरातले. भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागांवर राबणाऱ्यांत मुस्लिम कामगार मोठ्या संख्येने आहेत आणि मालेगावात मालकही बरेचसे मुस्लिमच आहेत. तिथे मजुरीचा प्रश्न निघाला की आणखी एक वाक्य हमखास येते: आपापसात कशाला, आधीच कौम अडचणीत आहे. अडचणीत आहे हे खरे, पण त्या अडचणीचे ओझे बारा तास मागावर उभ्या असलेल्याने एकट्याने का वाहायचे, याचे उत्तर हे वाक्य देत नाही. मजुराच्या घामाविषयीची हदीस आपल्या प्रत्येक जुम्याला कुठे ना कुठे सांगितली जाते. ती ऐकून मालकही मान डोलावतो, कारण तो शनिवारी पगार वेळेवर देतो. पगार किती द्यायचा आणि तो कामाआधी ठरवून सांगायचा की नाही, यावर मात्र मिंबरावरून फारसे बोलले जात नाही. कोणत्याही पुढाऱ्याइतकेच हेही शब्दांचे राजकारण आहे, फक्त आवाज ओळखीचा असल्याने ते आपल्या लक्षात येत नाही.

‘परवडत नाही’ला कायद्याने कधीच उत्तर दिलेले आहे. किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने क्राउन अॅल्युमिनियमच्या खटल्यात म्हटले. केरळमधल्या कौलांच्या कारखानदारांनी ऐपतीचा मुद्दा काढला, तेव्हा 1961 मध्ये न्यायालयाने सांगितले की किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत बघायची नसते. 1982 मध्ये दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात ते आणखी पुढे गेले: किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने बंद केलेली वेठबिगारी. मजुराने ‘राजीखुशीने’ कमी पैशांत काम केले तरीही. हा शब्द लक्षात ठेवा. ‘तिला जमतंय म्हणून येते, कुणी ओढून आणलंय का?’ हे आपल्याकडचे लाडके वाक्य आहे आणि ते बेकायदा आहे.

दिल्लीत याच प्रश्नावर काय झाले, तेही सांगायला हवे. पोट भरण्याचा हिशेब 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिला होता: तीन माणसांच्या खाण्याइतके धान्य, माणशी 2,700 उष्मांक, कुटुंबाला वर्षाला 72 यार्ड कापड, घरभाडे, जळण-दिवाबत्ती. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ आणि म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितले. केंद्रानेच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने नव्याने हिशेब करून 2019 च्या सुरुवातीला दिवसाला 375 रुपये असा आकडा दिला. त्या वेळी देशपातळीवरचे तळवेतन 176 रुपये होते. काही महिन्यांनी सरकारने ते वाढवले. किती? 178 केले. दोन रुपये! बातमीत मात्र ‘वाढ’ हाच शब्द होता. 2024 च्या लोकसभेला काँग्रेसने रोज 400 रुपयांचे राष्ट्रीय किमान वेतन जाहीरनाम्यात घातले. त्यांच्या सभा तुम्ही ऐकल्या असतील, तर हा आकडा किती वेळा ऐकू आला ते स्वतःलाच विचारा.

त्याच वर्षीच्या विधानसभेला तर वेतन हा शब्दच हरवला. लाडक्या बहिणीला महिन्याला 1,500 मिळू लागले होते. एका बाजूने 2,100 सांगितले, दुसरीने 3,000. त्या 1,500 रुपयांनी आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी घरांत गॅसची टाकी आली, मुलीची फी भरली गेली. आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण दिवसाला पडतात 50 रुपये. ओवाळणी देणाऱ्या भावाचा फोटो फलकावर लागतो. किमान वेतन वाढवले तर फोटो लावायला जागा नसते, कारण ते पैसे मालकाच्या खिशातून येतात आणि मालक निवडणुकीला देणगी देतो. योजना आल्यापासून गावात एक नवे रडगाणे सुरू झाले आहे: बायका आता कामाला येईनात. रोजगार हमी आली तेव्हा हेच म्हटले गेले, रेशनचे धान्य फुकट झाले तेव्हाही. याचा साधा अर्थ असा की पोटात थोडे असल्यावर बाई पडेल त्या हजेरीला ‘नको’ म्हणू शकते. ज्याला मजूर हवेत त्याने हजेरी वाढवून बघावी. ऊस मिळेना झाला की कारखाने हेच करतात.

आपण सीमेवरचे लोक. सीमाप्रश्नावर आपल्याकडे गाड्या अडतात, फलकांना काळे फासले जाते. पण रोजगार हमीचा 2025-26 चा दर महाराष्ट्रात दिवसाला 312 रुपये आणि कर्नाटकात 370, दोन्ही दर केंद्रानेच ठरवलेले, यावर बोललेला पुढारी दाखवा. कागवाड-चिक्कोडीकडे त्याच मातीकामाला 58 रुपये जास्त. शंभर दिवसांचे 5,800 होतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे आणि तिच्याखाली केंद्राला नवे तळवेतन जाहीर करायचे आहे. राज्याला त्याहून कमी दर ठेवता येणार नाही. म्हणजे येत्या काळात पुन्हा भाषणे होतील: ऐतिहासिक, क्रांतिकारक, कामगारांना भेट. तेव्हा 375 हा जुन्या भावांवरचा आकडा शेजारी मांडून बघा. संहितेत काही कामाच्या गोष्टीही आहेत. किमान वेतन आता ठरावीक उद्योगांपुरते राहिलेले नाही, ते सर्वांना लागू आहे. एकाच कामासाठी बाई-पुरुष असा फरक करता येत नाही. कमी मिळालेल्या पैशांचा दावा पूर्वी सहा महिन्यांत करावा लागे, आता तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. शेतीत पाचपर्यंत माणसे लावणाऱ्याला नोंदवही आणि पगारपावतीतून सूट आहे, मात्र निरीक्षकाने मागितल्यास पैसे दिल्याचा पुरावा त्यालाही दाखवावा लागतो.

तुमच्यापैकी अनेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. आईची, चुलतीची, खालाची हजेरी कुठल्या तारखेला किती मिळाली, कुणाच्या रानात, किती तास, हे एका वहीत लिहायला आजपासून सुरुवात करा. मागावर असाल तर मीटर आणि पीक दोन्ही लिहा, दिवाणजीच्या वहीवर विसंबू नका. शेतीकामाचा आणि यंत्रमागाचा सध्याचा किमान दर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून लेखी मागवा, माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि मशिदीच्या नोटीस बोर्डावर लावा. पुढच्या ऊस परिषदेला जाल तेव्हा त्याची एक प्रत सोबत न्या आणि दराच्या ठरावात मजुरीचा आकडा कुठे आहे, असे व्यासपीठावरच्यांना विचारा.