पपईवरचा उशर

रमजानमध्ये मशिदींतून इसराफवर, म्हणजे उधळपट्टीवर, हमखास बयान होते. दस्तरखानावर उरलेली भजी, अर्धवट खाल्लेली फळे यांचा उल्लेख होतो. ते योग्यच आहे. पण इफ्तारच्या ताटात पपईची एक फोड येण्याआधी वाटेत किती पपया सडल्या, हे सहसा कोणी विचारत नाही.

सध्या रमजान हिवाळा सरताना येतो आणि नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः शहादा तालुक्यात, तेव्हा पपईची तोड चालू असते. माल ट्रकने दिल्ली, राजस्थान, उत्तर प्रदेशकडे जातो. पपईची साल नाजूक. सालीवर पिवळी रेघ दिसली की फळ तोडायचे, वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि ट्रकमध्ये एकावर एक रचायचे. तळाच्या फळावर वरचे ओझे, त्यात रस्त्याचे हादरे. एक दबले की बुरशी धरते आणि शेजारची चार घेऊन जाते. बर्फासारख्या थंडीत ठेवूनही भागत नाही, मग ते नीट पिकतच नाही. दरावरून व्यापारी-शेतकऱ्यांत वाद होऊन तोड थांबली, तर फळ झाडावरच पिकून जाते. त्याबरोबर ठिबकचे पाणी, खत, मजुरीही मातीत जाते. याच जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्यात, मुलांचे कुपोषण मात्र वर्षानुवर्षे हटत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात घरे, हॉटेले आणि दुकानांतून १०५ कोटी टन अन्न वाया गेले. शेत ते दुकान या वाटेवर नासणारे सुमारे १३ टक्के अन्न त्यात धरलेलेच नाही.

फिकहच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही. उशर म्हणजे पिकावरची जकात. इमाम अबू हनीफा यांनी तो नाशवंत फळभाज्यांवरही मानला; त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी टिकाऊ पिकांपुरता. म्हणजे नासण्याचा विचार तेव्हाही झाला होता. अबू हनीफांचे मत धरले, तर सिंचनाच्या बागेतला विसावा हिस्सा तोडीच्या वेळीच गरजूंचा ठरतो. शहाद्याहून धडगाव दिल्लीपेक्षा कितीतरी जवळ आहे.

व्यापारात असलेल्या बागवान बांधवांनी ट्रकमध्ये क्रेट वापरण्याचा आग्रह धरावा. खर्च वाढेल, पण सडका माल फेकण्याचा खर्चही कोणीतरी सोसतोच, आणि बहुतेक वेळा तो शेतकरी असतो. गावातल्या मशीद कमिट्यांना तर आजच करता येईल: असरच्या नमाजनंतर हातगाड्यांवर उरलेली पिकलेली, डागाळलेली फळे रास्त दरात घ्यावीत. मगरिबपर्यंत ती खाण्याजोगी असतात, सकाळी नसतात.