विहिरीच्या सांध्यांतील पिंपळ

पावसाळा नीट लागला कीं तलासरी तालुक्यांत, गुजरातच्या सीमेलगत असलेल्या वेवजीसारख्या गांवीं, विहिरीच्या बांधकामांत, घरांच्या जुन्या भिंतींत आणि ताडाच्या झावळ्यांच्या बेचक्यांत वड, पिंपळ व उंबर यांचीं रोपें आपोआप उगवलेलीं दिसूं लागतात. तीं कोणी लावीत नाहीं. मैना, बुलबुल, कोकीळ हे पक्षी आणि वटवाघुळें फळें खातात, व बीं विष्ठेवाटे जेथें पडतें तेथें थोड्याशा ओलाव्यावर रुजतें. या रोपांचें काय करावें हा प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु ज्याची बांधीव विहीर पिंपळाच्या मुळांनीं फुटली आहे, त्यास तो क्षुल्लक वाटणार नाहीं.

आजवर यावर दोन वाटा चालत आल्या आहेत. कोणी कोयत्यानें शेंडा छाटतो. पण मूळ सांध्यांत राहतें आणि त्यास एकाच्या जागीं चार धुमारे येतात. कोणी पिंपळ तोडणें पाप मानून त्यास हात लावीत नाहीं; मग मूळ जाड होत जातें, चिरे सरकतात आणि बांधकाम ढासळतें. पहिल्या वाटेनें श्रम जातात, दुसरीनें विहीर जाते. आमचें मत असें कीं, रोप लहान आहे तोंच तें समूळ काढून कुंडींत लावावें व त्याचा वामनवृक्ष करावा. यांत विहीरही वांचते आणि झाडही मरत नाहीं.

वामनवृक्ष म्हणजे जपानी लोक ज्यास बोन्साय म्हणतात तो. 'बोन' म्हणजे उथळ पात्र व 'साय' म्हणजे लागवड. ही कला चीनमधून जपानांत गेली. झाड उपाशी ठेवून खुरटें करणें म्हणजे बोन्साय, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाहीं. त्यास पाणी व खत वेळेवर द्यावें लागतें. मात्र मुळें व शेंडे नियमानें छाटून दोहोंचा तोल राखावयाचा असतो. सन १६२५ पासून जोपासलेला एक पाइन वृक्ष सन १९४५ सालीं हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हां तेथील यामाकी कुटुंबाच्या घरीं होता. तो वांचला, सन १९७६ मध्यें अमेरिकेस भेट दिला गेला, आणि आज वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानांत आहे. उपाशी ठेवलेलें झाड इतकीं वर्षें जगत नाहीं.

रोप काढण्यास मृगाचा पाऊस चांगला लागल्यानंतरचे दिवस उत्तम. खोड धरून ओढूं नये. मूळ तुटून आंत राहतें. छिनीनें सांधा मोकळा करावा, मुळें निघतील तितकीं लांब काढावीं व ओल्या गोणपाटांत गुंडाळून सावलींत आणावीं. विहिरींत उतरणारानें कमरेस दोर बांधल्याशिवाय हें काम करूं नये. सांधा लगेच बुजवावा. नाहीं तर पुढल्या वर्षीं तेथेंच दुसरें बीं रुजेल.

सोटमूळ निम्मे छाटून रोप प्रथम साध्या खोल कुंडींत लावावें. माती, विटांचा चुरा, जाड वाळू व कुजलेलें शेणखत यांचें मिश्रण करावें; पाणी साचूं देऊं नये. दोन-तीन वर्षें बुंधा भरूं द्यावा. घाईनें उथळ पात्रांत घातलेलें रोप काडीसारखेंच राहतें. फांद्यांस वळण देण्यास तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळावी व ती सालींत रुतण्यापूर्वीं काढावी. पुढें दर दोन वर्षांनीं, पावसाळ्याच्या आरंभीं, कुंडींतील माती बदलून मुळांचा सुमारें तिसरा हिस्सा छाटावा. वडपिंपळांचें पान मोठें असतें. तें लहान यावें म्हणून निरोगी झाडाचीं पानें देंठ ठेवून कापतात.

मात्र या कामास तीन मर्यादा आहेत. पहिली रायणीची. आपल्या भागांतील चिकूचें कलम रायणीच्या खुंटावर होतें, आणि सन २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालेल्या डहाणू-घोलवड चिकूची बाग या खुंटावरच उभी आहे. रायणीचें रोप फार सावकाश वाढतें. म्हणून आपोआप उगवलेली रायण शोभेच्या कुंडींत नव्हे, कलमाच्या खुंटासाठीं राखावी. दुसरी बांधाची. जेथें वडास अंग पसरावयास जागा आहे, तेथें तो तसाच वाढूं द्यावा. कुंडींतील वडाच्या सावलींत बैल बसत नाहींत. तिसरी जंगलाची, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जुना, वेडावांकडा बुंधा असलेल्या झाडास शौकीन लोक अधिक दाम देतात, आणि त्या लोभानें डोंगरांतील झाडें खणून आणण्याचा मोह होतो. राखीव जंगलांतून झाड उपटणें हा सन १९२७ च्या वन कायद्यान्वयें गुन्हा आहे. शिवाय खडकांत शंभर वर्षें तग धरलेलें झाड खणल्यावर बहुधा मरतें. आपल्या भिंतींतील रोप काढणारा झाड वांचवितो. डोंगरांतील खणणारा तें मारतो. कुंडी दोघांची सारखीच दिसली तरी काम सारखें नाहीं.

विक्रीविषयींही स्पष्ट बोलावें हें बरें. मुंबईची बाजारपेठ रेल्वेनें जवळ असली तरी वामनवृक्ष हें हंगामाचें पीक नव्हे. विकण्याजोगें झाड होण्यास आठ-दहा वर्षें लागतात. कर्ज काढून यांत पडूं नये. आंगणांत दहा कुंड्या, घरांतील मुलांच्या हातीं पाणी व कातरी, आणि विहिरीचा सांधा निर्वेध, इतकें साधलें तरी आम्ही तें पुष्कळ समजतों. सभासदांनीं येत्या पावसाळ्यांत कोयता उचलण्यापूर्वीं आपली विहीर एकदां नीट पाहावी.