माजी विद्यार्थ्यांचा निधी : संस्था की कंपनी?

माजी विद्यार्थ्यांच्या जवळजवळ प्रत्येक मेळाव्यात एक ठराव हमखास येतो : 'आपली स्वतंत्र संस्था असावी.' ठराव एकमताने संमत होतो आणि पुढच्या मेळाव्यात पुन्हा मांडला जातो. अलीकडे त्यात एका नव्या शब्दाची भर पडली आहे, 'कलम ८ ची कंपनी'. मुंबई-पुण्याच्या खासगी क्षेत्रात स्थिरावलेल्या आमच्या तरुण बांधवांना हा मार्ग जवळचा वाटतो. शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या ज्येष्ठांना धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी परिचयाची वाटते. दोन्ही बाजूंचा आग्रह प्रामाणिक आहे. म्हणूनच या स्मरणिकेच्या पानांवर त्याचा शांतपणे विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम, नोंदणी हवीच कशाला? आपल्यासारखे अनेक गट दोघा-तिघांच्या वैयक्तिक खात्यात निधी जमा करतात. खातेदार सचोटीचा असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो पैसा त्याच्याच नावावर असतो. उद्या त्याचे बरेवाईट झाले, तर निधी वारसांच्या कागदपत्रांत अडकतो. आयकर खात्याने विचारणा केली, तर उत्तर त्यालाच द्यावे लागते. देणगीदाराला करसवलतीची पावती मिळत नाही. नोंदणीकृत संस्थेला स्वतःचे नाव, स्वतःचे पॅन आणि स्वतःचे खाते असते; पदाधिकारी बदलले तरी ती टिकते. विश्वासाने ज्याच्या हाती पैसा दिला, त्या माणसाला संशयापासून वाचवण्याचाही हाच मार्ग आहे.

यातील पहिला मार्ग १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाचा. किमान सात व्यक्ती, उद्देशांचे ज्ञापन आणि नियमावली एवढ्यावर संस्था उभी राहते. महाराष्ट्रात तिची नोंद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही होते. हा मार्ग आपल्या चळवळीला नवा नाही. १९२४ साली बाबासाहेबांनी स्थापन केलेली बहिष्कृत हितकारिणी सभा याच १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली होती, आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. संस्थेचा मोठा गुण असा, की सर्वसाधारण सभा सर्वश्रेष्ठ असते आणि प्रत्येक सभासदाला एक मत असते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खू संघात ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणी यांचे नियम होते, याची आठवण करून दिली होती. बहुमताने चालणे ही आपल्यासाठी उसनी रीत नाही.

परंतु या मार्गाचे काटेही ठाऊक असावेत. कार्यकारिणी बदलली, की नव्वद दिवसांच्या आत बदल अहवाल दाखल करावा लागतो. कचेरीत सारे त्याला 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. त्यावर एखाद्याने हरकत घेतली, की प्रकरण वर्षानुवर्षे चालू शकते. तोवर परिशिष्ट-१ वर जुनीच नावे राहतात, आणि बँक सह्या बदलण्यासाठी तेच परिशिष्ट मागते. दोन गट, दोन अध्यक्ष, दोन शिक्के आणि मध्ये गोठलेले खाते, हे चित्र महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्यात अपरिचित नाही. संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्यात वेळ जातो हे खरे. पण कोणी चारजण मिळून वसतिगृहाची जागा परस्पर विकू शकत नाहीत, हेही तितकेच खरे.

दुसरा मार्ग कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ चा. १९५६ च्या कायद्यात हेच कलम २५ होते. या कंपनीला नफा वाटता येत नाही. जे शिल्लक राहील ते उद्देशासाठीच खर्चावे लागते. खासगी स्वरूपात दोन सभासद आणि दोन संचालक पुरतात, किमान भांडवलाची अट नाही. संचालक बदलले, की तीस दिवसांत निबंधकांकडे ऑनलाइन नोंद करायची असते. ताळेबंद कोणालाही शुल्क भरून पाहता येतो, त्यामुळे मोठे देणगीदार आश्वस्त होतात.

मात्र कंपनी ही दरवर्षी निगा मागणारी वस्तू आहे. उलाढाल दहा हजारांची असली तरी लेखापरीक्षक नेमावाच लागतो. वार्षिक विवरणपत्र आणि ताळेबंद वेळेत दाखल झाले नाहीत, तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढते. दोन अर्ज वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये होतात. एवढ्या रकमेत कितीतरी मुलींची पुस्तके आली असती. सलग तीन वर्षांची विवरणे थकली, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, आणि स्वतःचा व्यवसाय असलेल्या आमच्या बांधवाला त्याची झळ त्याच्या इतर कंपनीतही बसू शकते. शिवाय खासगी कंपनीत सभासदसंख्या दोनशेच्या वर नेता येत नाही. ज्या शाळेतून दरवर्षी नवी तुकडी बाहेर पडते, तिच्या संघाला ही मर्यादा किती दिवस पुरेल?

काही गोष्टी दोन्ही मार्गांना सारख्याच लागू आहेत. करसवलतीची पावती द्यायची, तर आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी हवी, आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी थेट मिळवायचा, तर साधारणतः तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. परदेशस्थ बांधवांच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने तेथील नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी विदेशी ठरते आणि केंद्र सरकारच्या नोंदणीशिवाय ती स्वीकारता येत नाही. एकाच बाकावर शिकलेल्या दोन भावांचे पैसे कायद्याच्या नजरेत असे वेगळे होतात.

मग निर्णय कशावर घ्यावा? आम्हांस एकच कसोटी महत्त्वाची वाटते. दहावीचा निकाल लागतो, शाळेचे वसतिगृह सुटते, आणि जून-जुलैत अकरावीच्या किंवा पदविकेच्या प्रवेशाचे पैसे ठरलेल्या दिवशीच भरावे लागतात. त्या दिवशी धनादेशावर सही करणारा माणूस आणि चालू असलेले खाते, ही दोन्ही कोणत्या रचनेत खात्रीने मिळतील?

आमचे मत असे आहे. माजी विद्यार्थ्यांच्या संघाला १८६० च्या कायद्याखालील संस्थाच योग्य. तिथे प्रत्येक तुकडीला आवाज राहतो. पगारी कर्मचारी, मोठा प्रकल्प आणि कायम सल्लागार सनदी लेखापाल यांची सोय होईल, तेव्हा कंपनीचा विचार जरूर व्हावा. आज तो खर्च विद्यार्थ्यांच्या वाट्यातूनच जाईल. आणि दरवर्षी कागद पाहतील असे सात जण मिळेपर्यंत निधी शाळेच्या मातृसंस्थेकडे लेखी ठरावाने 'निर्दिष्ट निधी' म्हणून द्यावा. त्याचा स्वतंत्र हिशेब मागण्याचा आपला आग्रह असावा. तो अविश्वास समजला जाऊ नये.

नोंदणीपूर्वी नियमावलीत तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. पदाची मुदत ठरलेली असावी आणि लागोपाठ दोनहून अधिक वेळा तेच पद कोणास मिळू नये. निवडणूक ज्या सभेत होईल, त्याच सभेत बदल अहवालाच्या कागदांवर जुन्या आणि नव्या दोन्ही पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. वर्षाचा जमाखर्च ३१ मार्चनंतर लेखापरीक्षण होताच सर्व सभासदांना पाठवावा आणि शाळेच्या फलकावरही लावावा. तिथे तो आजचे विद्यार्थी वाचतील. उद्याचे सभासद तेच आहेत, आणि हा पैसाही त्यांचाच आहे.