पालिकेच्या घरचा हिशेब

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये वातावरण कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले. या आराखड्यानुसार २०१९ मध्ये शहराचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते. पण हा आकडा साऱ्या शहराचा. त्यात घरे, दुकाने, खासगी गाड्या असे सगळेच आले. पालिकेच्या स्वतःच्या कारभारातून किती वायू बाहेर पडतो, याचा वेगळा, खातेनिहाय हिशेब दरवर्षी लोकांसमोर यायला हवा.

हे गणित अवघड नाही. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो धरला जातो. म्हणजे रुग्णालये, शाळा, पाण्याचे आणि मलनिःसारणाचे पंप यांची विजेची बिले आणि गाड्यांच्या इंधनाच्या नोंदी एकत्र केल्या की निम्मे काम झाले. पंपांची एक लाख युनिट वीज वाचली, तर ७० टन उत्सर्जन टळते. शुद्ध केलेले पाणी गळतीत वाया जाते, तेव्हा ते उपसायला लागलेली वीजही वाया जाते, हेही या हिशेबातून दिसेल.

खरी मेख आहे ती सीमारेषेत. कचऱ्याच्या गाड्या कंत्राटदाराच्या असल्या, तरी काम पालिकेचेच असते. ‘बेस्ट’च्या बहुतेक विजेवरच्या बस भाडेतत्त्वावरच्या आहेत. त्यांना धुराडे नसले, तरी त्यांना लागणारी वीज मोठ्या प्रमाणात कोळशावरच तयार होते. अशा गोष्टी हिशेबाबाहेर ठेवल्या, तर काम कंत्राटावर देताच उत्सर्जन कागदावर घटेल, हवेत मात्र तेवढेच राहील.

कचराभूमीचेही तसेच. कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक ठरतो, शिवाय तो ज्वलनशील. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर आसपासच्या वस्त्यांच्या फुप्फुसांत गेला. त्यामुळे मिथेन मोजणे हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

शहराच्या एकूण उत्सर्जनात पालिकेचा वाटा तो कितीसा, असा आक्षेप घेतला जाईल. वाटा लहान असेलही. पण त्यावर पालिकेचा थेट ताबा आहे. नागरिकांच्या गाड्या बदलायला वर्षे लागतील, स्वतःचे जुने पंप बदलायला एक निविदा पुरते. शिवाय स्वतःचा हिशेब मांडणाऱ्या संस्थेलाच इतरांकडे तो मागता येतो.

जून २०२४ मध्ये पालिकेने पहिला वातावरणविषयक अर्थसंकल्प अहवाल काढला. त्यात किती रुपये खर्च होणार, हे कळते. दर फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडताना प्रत्येक खात्यापुढे रुपयांच्या शेजारी टनांचाही रकाना असावा. मग गेल्या वर्षीच्या खर्चातून धूर किती घटला, हे कोणत्याही करदात्याला विचारता येईल.