एका कानाचे बहिरेपण

एका कानाने कमी ऐकू येणे, त्यात सतत गुणगुण, चालताना तोल जाणे. राजापुरासारख्या गावी अशी तक्रार बहुधा वयावर किंवा कानातल्या मळावर ढकलली जाते. पुढे एम. आर. आय.मध्ये श्रवण-तोलाच्या मज्जातंतूवर गाठ दिसली, की घरात कर्करोगाचाच आकांत होतो. वस्तुतः ही गाठ कर्करोगाची नव्हे. बहुधा ती वर्षाला एकदोन मिलिमीटरच वाढते. ती लहान असता नुसती देखरेख, किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया, हे तिन्ही मार्ग खुले असतात. म्हणून घाबरून घाई नको, तशी चालढकलही नको. मुंबई-कोल्हापूर गाठण्यापूर्वी श्रवणचाचणीचे कागद जुळवावेत आणि शल्यज्ञास विचारावे : उरलेले ऐकणे टिकेल काय? चेहऱ्याच्या मज्जातंतूला धोका किती? कामावर केव्हा परतता येईल? असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो रुग्णाचा अधिकारच आहे.