रस्ता कोणासाठी?

कोंढव्याहून हिंजवडीला पोहोचायला मला रोज दीड तास लागतो. उड्डाणपूल झाला की कोंडी सुटेल, असं मलाही वाटायचं. पण रस्ता रुंद झाला की आणखी गाड्या बाहेर पडतात आणि तो पुन्हा भरतो. पुण्यात 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी आली. बसची मार्गिका आपण राखली नाही. 2022 मध्ये मेट्रो धावली, पण घरकामाला जाणाऱ्या शेजारच्या खालांना स्टेशनपर्यंत न्यायला बस हवीच. मित्रांनो, नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही. प्रारूप विकास आराखड्यावर कोणीही लेखी हरकत-सूचना देऊ शकतं. आपल्या मोहल्ल्यातून किती पत्रं जातात? पुढच्या वेळी बसडेपो आणि पदपथांसाठी जागा मागूया.