विश्लेषण : रीलमधली शिफारस की जाहिरात?

यूट्यूबवरची जाहिरात प्रेक्षक ‘स्किप’ करतो. ओळखीच्या इन्फ्लुएन्सरचे बोलणे मात्र शेवटपर्यंत ऐकतो. म्हणूनच कंपन्या अशा चेहऱ्यांवर पैसा लावतात.

नियम काय?
केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पैसे, फुकट वस्तू वा सहल मिळाली असल्यास ते उघड करावे लागते. व्हिडिओत ते दिसले आणि ऐकूही आले पाहिजे. हॅशटॅगच्या गर्दीत दडवून चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यानुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

मेख कुठे?
समोर दिसते ती जाहिरात आहे, हेच कळले नाही तर ग्राहक तक्रार कशाची करणार? फसगत झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी रीलचा स्क्रीनशॉट आणि खरेदीचे बिल जपून ठेवावे.